दुखत नाही म्हणून सांगितलं नाही : बार्शी, मुंबई आणि आपल्या नर्सबाई

या आठवड्याच्या भागाचा हा लिहून काढलेला मजकूर. एसटीत रेंज गेली, हेडफोन घरी राहिले, किंवा आईला शांतपणे वाचून दाखवायचंय, तर हे तुमच्यासाठी. बोलतानाचे 'म्हणजे', 'तर' थोडे कमी केलेत. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

मी मूळची सोनपेठची. शिक्षण बी.टेक., नोकरी सॉफ्टवेअरची. डॉक्टर नाही, नर्स नाही. त्यामुळे आज मी उपचार सांगणार नाही, इतिहास सांगणार आहे. विषय आहे स्तनाचा कर्करोग, आणि तो वेळेत ओळखायला बायकांना शिकवणाऱ्या बायका. हा शब्द मोठ्याने म्हणायला आपल्याकडे जड जातो हे मला माहितीये. घरात सगळे बसलेले असतील तर आवाज कमी करू नका. उलट थोडा वाढवा.

'दुखत नाही' हा शब्द

आपल्या भागात दवाखान्यात जायचं एक साधं गणित आहे. दुखलं तर जायचं. ताप चढला, विंचू चावला, पोटात कळ आली, की परळी नाहीतर अंबाजोगाई गाठायची. दुखत नसेल तर कशाला मजुरी बुडवायची?

अडचण अशी की स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. आंघोळ करताना हाताला लागते, बाई मनात म्हणते, "असेल काहीतरी," आणि पदर सारखा करून कामाला लागते. ती दुखायला लागेपर्यंत बऱ्याचदा खूप उशीर झालेला असतो. म्हणजे आपलं जे गणित विंचवाला चालतं, ते इथे उलटं पडतं.

जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण सापडले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. आपल्या देशात बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग हाच. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्तनांची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या किती? शंभरात एकसुद्धा पूर्ण नाही.

मग यावर कुणी काही केलंच नाही का? केलं. आणि त्यातलं खूप महत्त्वाचं काम आपल्या महाराष्ट्रात, आपल्या शेजारीच झालंय.

थोडं मागे जाऊ

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. 'प्रतिबंध' म्हटलं की वाटतं, लस घेतली, आजार टळला. स्तनाच्या कर्करोगाचं तसं नाही. काही गोष्टींनी धोका कमी होतो, शून्य होत नाही.

हे लक्षात यायलाही शेकडो वर्षं लागली. इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी या डॉक्टरांनी १७१३ साली लिहून ठेवलं की मठातल्या जोगिणींमध्ये हा आजार जास्त दिसतो. कारण त्यांना नीट उलगडलं नव्हतं, पण निरीक्षण खरं होतं. मूल होणं आणि अंगावर पाजणं यांचा या आजाराशी संबंध आहे. १९२६ साली इंग्लंडमध्ये जॅनेट लेन-क्लेपॉन या डॉक्टर बाईंनी हा आजार झालेल्या सुमारे ५०० आणि न झालेल्या सुमारे ५०० बायकांना एकसारखे प्रश्न विचारले. मुलं किती? अंगावर पाजलं का? दोन गट समोरासमोर ठेवून आजाराचं कारण शोधायची पद्धत आज जगभर वापरतात. तिचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. पुढे २००२ साली अनेक देशांतली माहिती एकत्र केल्यावर हिशेब निघाला की एकूण १२ महिने अंगावर पाजलं, की धोका साधारण ४.३ टक्क्यांनी कमी होतो.

म्हणजे बाळंतिणीला "अंगावर पाज गं" सांगणारी नर्सबाई बाळासोबत आईचंही काम करत असते. वजन आटोक्यात ठेवणं, अंगाला हालचाल असणं, दारूपासून लांब राहणं, हेही याच यादीत. पण हे सगळं पाळणाऱ्या बाईलाही गाठ येऊ शकते. तिचा काही दोष नसतो. म्हणून दुसरा भाग महत्त्वाचा, तो म्हणजे लवकर ओळखणं.

बार्शी, १९८७

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. कर्करोगाच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद मुंबईत १९६३ पासून होते. पण खेड्यात काय चाललंय हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. खेड्यातली बाई रुग्णालयापर्यंत पोचलीच नाही तर तिची नोंद कुठे होणार? ती घरीच गेली, की आकड्यांमध्ये ती कधी नव्हतीच.

१९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोनपेठहून निघालात तर परळी, अंबाजोगाई, केज, कळंब ओलांडलं की बार्शी. फार लांब नाही. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके त्यात घेतले. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचे डॉ. भगवान नेने आणि टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत यांची नावं या कामाशी जोडलेली आहेत.

आता गंमत बघा. आम्ही सॉफ्टवेअरवाले डेटा म्हटलं की सर्व्हर आठवतो. इथे डेटा गोळा करायला माणसं गावोगाव फिरत होती. सरपंच, शिक्षक, दाई, आरोग्य सेविका यांना भेटायचं, पारावर, अंगणात बसायचं आणि विचारायचं, कुणाला न भरणारी जखम आहे का, अंगावरून जास्त जातंय का, कुठे गाठ आहे का? आणि नुसतं विचारून वही मिटायची नाही. ही लक्षणं काय असतात, लवकर आलं तर काय होतं, कुठे यायचं, हे समजावून सांगायचं. संशय आला तर रुग्णालयात पाठवायचं.

काही वर्षांत एक बदल दिसला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झालेल्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात यायला लागल्या. हे निष्कर्ष १९९० च्या दशकात आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले. नवं मशीन नाही, नवं औषध नाही. पुन्हा पुन्हा येऊन बोलणारी ओळखीची माणसं, आणि पुढे उपचाराची जागा, एवढंच.

त्याच बार्शीच्या रुग्णालयाने पुढे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेसोबत उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका. गर्भाशयमुखाची तपासणी कोणी केली? प्रशिक्षण घेतलेल्या एएनएम, म्हणजे आपल्या नर्सबाईंनी. २००९ साली निष्कर्ष आले. एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले होते. मराठवाड्यातल्या नर्सबाईंनी घेतलेल्या नमुन्यांवरून जगातल्या अनेक देशांनी आपापली धोरणं तपासली.

तो कर्करोग वेगळा, मान्य. पण खेड्यातली बाई तपासणीला येत नाही, हा समज तिथे खोटा ठरला. विश्वासाची बाई बोलवायला आली, की ती येते.

मुंबई, १९९८ : हातांची परीक्षा

आता स्तनाकडे येऊ. श्रीमंत देशांत यासाठी मॅमोग्राफी वापरतात, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. मशीन महाग, तंत्रज्ञ लागतो, फोटो वाचायला तज्ज्ञ लागतो. प्रत्येक तालुक्यात हे कसं पोचणार? टाटा मेमोरियलचे डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला. शिकवलेल्या बाईचे हात हे काम करू शकतील का?

१९९८ मध्ये मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये अभ्यास सुरू झाला. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ बायका, २० वस्त्या. अर्ध्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी, अशा चार फेऱ्या. बाकीच्या वस्त्यांत एकदा माहिती आणि नंतर फक्त पाठपुरावा. आमच्याकडे अॅपचं नवं बटण चाललं का हे बघायला ए/बी टेस्टिंग करतात ना, तसंच. फरक एवढाच की इथे जिवाचा प्रश्न होता. म्हणूनच त्यावर पुढे कडक टीकाही झाली. ज्यांना तपासणी मिळाली नाही त्या बायकांचं काय, हा प्रश्न देशात आणि बाहेरही विचारला गेला. तो विचारायलाच हवा होता.

तपासणाऱ्या कोण होत्या? डॉक्टर नव्हत्या, नर्ससुद्धा नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बायका, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या. त्या घरोघरी जाऊन बायकांना बोलवायच्या आणि वस्तीजवळच तपासायच्या.

तपासणी कशी असते ते साधं सांगते. आधी नुसतं बघायचं. हात खाली, मग हात वर, मग हात कमरेवर. दोन्ही बाजूंच्या आकारात नवा फरक पडलाय का, कातडी ओढली गेलीये का, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झालीये का, बोंड आत गेलंय का. मग मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब देत, गळ्याखालच्या हाडापासून खालपर्यंत पट्ट्यापट्ट्यांनी तपासायचं. शेत नांगरताना एक तास सुटत नाही ना, तसं. शेवटी काख.

निकाल यायला वीस वर्षं लागली. २०२१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ते छापून आले. तपासणी झालेल्या गटात पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या रुग्ण बायका ३७ टक्के होत्या, दुसऱ्या गटात ४७ टक्के. एकूण मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक योगायोगानेही पडलेला असू शकतो, असं संशोधकांनी स्वतःच प्रामाणिकपणे लिहिलं. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांचा वेगळा हिशेब केला तेव्हा मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी निघाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये तसा फरक दिसला नाही.

हे आकडे मी मुद्दाम फुगवून सांगत नाही. चमत्कार नव्हता. पण दहावी शिकलेल्या बायकांच्या बोटांनी ही एवढी मजल मारली, हे लहान नाही.

शांघायचा धडा

इथे कुणीतरी म्हणेल, मग प्रत्येक बाईलाच शिकवून टाकू ना, दर महिन्याला स्वतः तपासत जा म्हणून. हाही प्रयोग झालाय. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार बायका. अर्ध्यांना स्वतःची तपासणी अगदी नीट शिकवली, पुन्हा पुन्हा उजळणी घेतली. २००२ मध्ये निकाल आला. शिकवलेल्या गटात या आजाराने १३५ मृत्यू, न शिकवलेल्या गटात १३१. म्हणजे फरक नाही. उलट साध्या, निरुपद्रवी गाठी जास्त सापडल्या आणि त्यासाठी उगाच शस्त्रक्रिया झाल्या.

म्हणून आता जगभर भाषा बदललीये. महिन्याच्या ठरावीक तारखेला परीक्षा दिल्यासारखं तपासा, असं म्हणत नाहीत. आपलं अंग ओळखीचं ठेवा, नवा बदल दिसला तर थांबू नका, असं म्हणतात. ऐकायला फरक छोटा वाटतो. पण पहिल्यात बाई एकटी आहे आणि निदान तिच्या डोक्यावर आहे. दुसऱ्यात तिने फक्त बदल सांगायचाय, पुढचं काम दवाखान्याचं.

पाच वर्षांची पोकळी

आता आजचं बोलू. २०१६ साली केंद्र सरकारने तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या तपासणीचा आराखडा काढला. वय ३० ते ६५. स्तनांची तपासणी हाताने, प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी बाईकडून, दर पाच वर्षांनी. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात, त्यात स्तनात गाठ, बोंडातून रक्त येणं, आकारात बदल हे प्रश्न आहेत.

नीट ऐका. मुंबईत तपासणी दर दोन वर्षांनी झाली होती. नियमात ती दर पाच वर्षांनी आहे. पाच वर्षं म्हणजे साधारण १ हजार ८२५ दिवस. त्यातला एक दिवस नर्सबाईंचे हात तिच्यासोबत आहेत. बाकी १ हजार ८२४ दिवस तिच्याजवळ काय आहे? नर्सबाईंनी जे शिकवलं, तेवढंच.

म्हणून माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार एका वाक्यात येतं. तपासणीपेक्षाही तपासणीच्या वेळचं बोलणं जास्त दिवस टिकतं. आणि ते बोलणं करायला नर्सबाईंइतकं योग्य माणूस गावात दुसरं नाही. तुमच्या लसी त्यांनीच टोचल्या. तुमच्या आईचं बाळंतपण त्यांनी बघितलं. त्यांच्यासमोर पदर बाजूला करायला बाईला लाज कमी वाटते.

हे नातंही आपोआप तयार झालेलं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चांगल्या घरच्या बाईने नर्स होणं कमीपणाचं मानत. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि पुढे ससून रुग्णालयात मुलींना, विधवांना नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा लोकांनी नावं ठेवली. आज गावात 'सिस्टर' म्हणून जो मान आहे, तो त्या बायकांनी कमावलेला आहे.

मग हे बोलणं कसं असावं? बार्शी आणि मुंबईने जे दाखवलं, त्यावरून मला इतकं समजतं.

शब्द गावातला हवा. "स्तनांमध्ये काही विकृती आढळते का?" असं विचारलं तर बाई नाहीच म्हणणार. "माय, छातीत कुठं गाठ लागती का हाताला?" असं विचारलं तर ती थांबून विचार करते.

'दुखत नाही' हा शब्द नर्सबाईंनी स्वतः काढावा. "न दुखणारी गाठ आधी दाखवायची," हे वाक्य लसीकरणाच्या दिवशी, पोषण दिवशी, दर वेळी.

सोबत धीर द्यावा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. आणि असलीच, तर लवकर सापडल्यावर अनेकदा पूर्ण स्तन काढावा लागत नाही. १९८० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या अभ्यासांनी दाखवून दिलं की सुरुवातीच्या टप्प्यात नुसती गाठ काढून रेडिएशन दिलं, तरी बाई तितकीच जगते. 'सगळं काढून टाकतील' या भीतीने घरात बसलेल्या बाईला हे माहीत असणं औषधासारखं आहे.

सासू आणि नवरा दोघांनाही बोलण्यात घ्यावं. गाडीभाडं, सुट्टी, लेकरं कोण सांभाळणार, हे तेच ठरवतात. पुरुषांनाही हा आजार होतो, शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो, हे सांगितलं की तेही कान देतात.

आणि कॅलेंडर आपलं असावं. आपल्या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. जानेवारीत शिबिर ठेवलं, तर ज्यांच्यासाठी ठेवलं त्याच बायका फडात असतात.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, वही. गाठ सापडलेल्या बाईचं नाव, फोन, पुढे कुठे पाठवलं, ती पोचली का. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की बाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावं. चिठ्ठी लिहून "अंबाजोगाईला जा" म्हटलं की काम संपत नाही. तिथे कुठल्या खिडकीवर जायचं, रेशन कार्ड आणि आधार सोबत न्यायचं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, हे सांगणारं कुणीतरी लागतं. बार्शीत बोलणं कामी आलं, कारण त्या बोलण्याच्या टोकाला रुग्णालय होतं.

यातली अडचणही मला दिसते. एका उपकेंद्राच्या नर्सबाईंकडे बाळंतपणं, लसी, बीपी-शुगर, डझनभर रजिस्टरं आणि वर मोबाईलमधली अॅप्स. त्यातली काही अॅप्स माझ्यासारखेच कुणीतरी एसीत बसून बनवतात आणि प्रत्येक अॅपला तीच माहिती पुन्हा भरायला लागते. त्यांच्या हातातला वेळ वाचवणं हेही कर्करोग रोखायचंच काम आहे. माझ्या क्षेत्रातल्या ऐकणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी होतं.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. घरात तिशीच्या पुढची जी बाई आहे, आई, मावशी, काकू, वहिनी, तिला विचारा, "सिस्टरकडून छातीची तपासणी कधी केलीस का?" मुलांनो, तुम्हीसुद्धा. समोरासमोर जमत नसेल तर हा भाग तिला पाठवा. आणि ती "मला कुठं काय दुखतंय?" म्हणाली, तर तिला सांगा, म्हणूनच जायचंय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि घरच्यांनाही घ्यायला लावा.